चार बोटांची सुरी

(द्वितीय वर्ष, कला)

तलवार, कट्यार, बिचवा, दांडपट्टा ही नावे कानांवर पडली की आपण मराठी माणसे ताठ बसतो. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा ती खरोखर प्रतापगडच्या भेटीतलीच का, यावर केवढा वाद झाला हे वाचकांना आठवत असेल. पात्याविषयी आपल्याला इतका अभिमान. पण ज्या पात्याने आपल्या आईने काल रात्री कांदा चिरला, त्याविषयी आपल्याला काय ठाऊक असते? ते कसल्या लोखंडाचे आहे, त्याला धार कधी लावली, ते कसे धरावे, दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. शस्त्राचे पोवाडे आपण गातो. अवजाराची मात्र साधी चौकशीही करत नाही.

हा विषय मला सुचला तो सूचनाफलकावरच्या एका ओळीमुळे. सहल असो की श्रमसंस्कार शिबिर, निघण्याआधी ती ओळ हमखास लागते : ‘कोणीही धारदार वस्तू बरोबर आणू नये.’ ओळ सद्हेतूने लिहिलेली असते यात शंका नाही. पण होते काय? रानात गेल्यावर दोरी कापायची असते, भाजी चिरायची असते, तंबूची खुंटी टोकदार करायची असते. मग कोणी दाढीचे ब्लेड काढतो, कोणी पत्र्याच्या डब्याच्या कडेवर दोरी घासत बसतो, कोणी सरळ दात लावतो. आणि एखादा वीर बॅगेच्या तळातून फूटभर लांबीचा, काळाकुट्ट, पाठीवर करवतीचे दाते असलेला सुरा काढून सर्वांचे डोळे दिपवतो. म्हणजे बंदीमुळे कामाची सुरी घरी राहते आणि मिरवायचा सुरा तेवढा चोरून येतो!

माझे म्हणणे थोडक्यात असे : रानावनात, समुद्रावर, डोंगरात जाणाऱ्या तुकडीपाशी एक लहान, न मिटणारी, धारदार सुरी असलीच पाहिजे, ती कामावरून निवडलेली असली पाहिजे, आणि ती वापरायला विद्यार्थ्यांना रीतसर शिकवले पाहिजे. बंदी हा शिकवण्याला पर्याय नव्हे.

हे सांगण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, मी मनोरीची आहे. मालाडच्या पश्चिमेला मार्वेच्या धक्क्यावर तरीत बसले की खाडीपलीकडे आमचे गाव लागते. कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशी आमची जुनी वस्ती. आमच्याकडे पाते नाही असे घर नाही, आणि प्रत्येक धंद्याचे पाते निराळे. मासळी कापायला विळी, जिला आम्ही मोरली म्हणतो. पायाखाली पाट दाबून दोन्ही हात मोकळे ठेवणारी ती एक नामी युक्ती आहे. माडाच्या पोयीचा रोज पातळसा काप घेऊन ताडी काढणाऱ्याचा कोयता रुंद आणि पातळ. कापाची जाडी थोडी चुकली तर रस आटतो. शहाळे फोडायचा कोयता वजनदार. आणि होडीवर असते ती लहान सुरी. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

आता होडीवरची सुरी मिटणारी का नसते ते पाहा. डोल सोडताना दोर सरसर पाण्यात जात असतो. त्याचा वेढा पायाला बसला तर माणूस दोराबरोबर ओढला जातो. अशा वेळी एका हाताने काठ धरलेला, दुसरा हात ओला, बोटांना मासळीचा बुळबुळीतपणा. खिशातून चाकू काढा, नखाने पाते उघडा, ते पक्के बसले का पाहा, इतका वेळ समुद्र कोणाला देत नाही. न मिटणारी सुरी म्यानातून निघाली की कामाला तयार. शिवाय मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात वाळू आणि खार जाऊन बसतो. काही दिवसांनी तो उघडत तरी नाही, नाहीतर नको तेव्हा बोटांवर मिटतो. शहरात पाकीट उघडायला मिटणारा चाकू ठीक. पण पाणी, चिखल आणि घाई या तिन्हींशी गाठ असेल तिथे अखंड पात्याला पर्याय नाही.

ही काही मनोरीचीच अक्कल नव्हे. १९९१ साली आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, बर्फात जपून राहिलेले एका माणसाचे शव सापडले. तो माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्यापाशी तांब्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होते, आणि गारगोटीच्या पात्याची, लाकडी मुठीची एक छोटी सुरीही होती. मुठीसकट तिची लांबी अवघी १३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आणि तिला झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेले म्यान होते. मोठे काम कुऱ्हाडीकडे आणि बारीक काम सुरीकडे, ही वाटणी त्याने केलेली होती. फिनलंडमध्ये ‘पुक्को’ नावाची अशीच लहान सुरी आजही कमरेला असते. तिचे पाते साधारण तळहाताच्या रुंदीइतके. जगाच्या दोन टोकांना माणसे एकाच मापावर येऊन थांबली, ती उगाच नव्हे.

तेव्हा पहिला प्रश्न लांबीचा. माझ्या मते पाते चार बोटांच्या रुंदीपासून अंगठ्यासकट तळहाताच्या रुंदीपर्यंत, म्हणजे तीन ते चार इंच असावे. याहून लांब पात्याचे टोक हातापासून दूर जाते आणि त्यावरचा ताबा सुटतो. बटाटा सोला, काठीची साल काढा, गाठ कापा, काटा काढा. यांतले कोणतेही काम चार इंचांच्या पुढचे पाते मागत नाही. मूठ मात्र पात्याहून आखूड नसावी. चारही बोटे तिच्यावर पुरती बसली पाहिजेत.

दुसरा प्रश्न जाडीचा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. जाड पाते मजबूत, एवढेच दुकानदार सांगतो. पण पाते पाव इंच जाड असले की ते कापत नाही, पाचरीसारखे फाडते. टोमॅटोवर ठेवून पाहा : पातळ पाते आपल्या वजनाने उतरते, जाड पाते त्याचा लगदा करते. दोन ते तीन मिलिमीटर जाडी लहान सुरीला पुष्कळ झाली. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला आणि त्यातल्या नायकाच्या सुऱ्याची जगभर नक्कल झाली : पाठीवर करवत, मूठ पोकळ, पोकळीत काडेपेटी आणि गळ. त्या करवतीने लाकूड कापले जात नाही, तिच्यावर हात पडला तर तो मात्र सोलवटतो. आणि मूठ पोकळ म्हणजे पाते मुठीत जेमतेम रुतलेले. थोडा जोर लावला की सांधा खिळखिळा. पात्याचे लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे, ही खूण लक्षात ठेवावी. सुरी सोन्याची झाली म्हणून उरी मारून घ्यायची नसते; मग ती चित्रपटातली असली तर काय झाले?

तिसरा प्रश्न लोखंडाचा. साधे कार्बनचे पोलाद आणि स्टेनलेस पोलाद असे दोन मुख्य प्रकार. साध्या पोलादाला धार लवकर लागते, दगडावर चार हात मारले की काम होते. पण ते गंजते. पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात. १९१३ साली शेफील्ड या सुऱ्यांच्या गावी हॅरी ब्रिअर्ली याने असे पोलाद तयार केले, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग सुऱ्याकात्र्यांतच झाला. तथापि स्टेनलेस म्हणजे ‘न गंजणारे’ नव्हे, ‘कमी गंजणारे’. मनोरीच्या खाऱ्या वाऱ्यात तेही ठिपके धरते. माझा सल्ला असा की, समुद्रावर जाणाऱ्याने स्टेनलेस घ्यावे. सह्याद्रीत भटकणाऱ्याने साधे पोलाद घेतले तरी चालेल. दोघांनीही घरी आल्यावर पाते गोड्या पाण्याने धुवावे, कोरडे पुसावे आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. एवढा आळस ज्याला टाकवत नाही, त्याने सुरी घेऊच नये.

टोकाचाही विचार हवा. रानासाठी टोक असलेले बरे. काटा काढायला, भोक पाडायला ते लागते. पण हलत्या होडीवर टोकदार पाते म्हणजे शेजाऱ्याच्या पोटाला धोका. म्हणून खलाशांच्या सुऱ्यांचे टोक पुष्कळदा बोथट ठेवलेले असते. मूठ ओल्या हातातून निसटणार नाही अशी, पुढे थोडा फुगवटा असलेली असावी, म्हणजे बोटे पात्यावर घसरत नाहीत. आणि रंग? काळा मुळीच नको. गवतात पडलेली काळी मूठ सापडत नाही. लाल किंवा नारिंगी मूठ लांबून दिसते. ज्यांना सुरी लपवायची आहे त्यांना काळा रंग आवडतो, ज्यांना ती वापरायची आहे त्यांना लाल. म्यान असे हवे की, उलटे धरून हलवले तरी सुरी पडू नये, आणि तळाला भोक असावे म्हणजे आत पाणी साचत नाही. म्यानाशिवाय सुरी विकत घेणे म्हणजे झाकणाशिवाय रॉकेलचा डबा घेणे.

या लहान सुरीने सरपण फोडायला मात्र कोणी जाऊ नये. ते कोयत्याचे काम. पालघरकडचा वारली शेतकरी कोयता कमरेच्या आकडीला अडकवून चालतो, त्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि पाते पाठीमागे असते. बाळगण्याची याहून सोयीची रीत मी पाहिलेली नाही. सुरीने डबा उचकटणे, स्क्रू फिरवणे, दगड उकरणे हेही वर्ज्य. पाते कापायला केलेले असते, उचकटायला नव्हे. टोक तुटते ते अशा वेळी.

निवडीइतकाच वापरही महत्त्वाचा. सुरी म्यानातून काढण्यापूर्वी हात लांब करून आपल्याभोवती एक फेरा घ्यावा; त्या फेऱ्यात कोणी येत असेल तर काम सुरू करू नये. पाते अंगापासून दूर चालवावे. बसून काम करताना कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत आणि पाते गुडघ्यांच्या पलीकडे ठेवावे. मांड्यांच्या मध्ये धरून काठी तासणे सर्वांत घातक, कारण मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रोहिणी जाते. सुरी हातातून पडली तर पडू द्यावी, झेलू नये. दुसऱ्याला देताना आमच्याकडे हातोहात देत नाहीत, खाली ठेवतात. हातोहात दिली तर भांडण होते म्हणतात. मला ती अंधश्रद्धा वाटत नाही. कोणा शहाण्याने सुरक्षिततेचा नियम भांडणाच्या भीतीत गुंडाळून ठेवला असावा. हातोहात द्यायचीच झाली तर मूठ पुढे करावी आणि घेणारा ‘घेतली’ म्हणेपर्यंत सोडू नये. काम संपले की पुसून लगेच म्यानात. ‘ठेवते हं नंतर’ ही गोष्ट नाही.

आणि धार. बोथट सुरी सुरक्षित असा एक गोड गैरसमज सुशिक्षितांत आहे. आमची आजी म्हणते, ‘बोथट सुरी आधी हात कापते, मग मासा.’ कारण साधे आहे. धारदार पात्याला जोर लागत नाही, ते जिथे ठेवाल तिथे उतरते. बोथट पात्याला रेटावे लागते, रेटले की ते घसरते, आणि घसरले की मागचा सगळा जोर बोटावर येतो. धार लावायला यंत्र नको. पाण्याचा दगड पुरे. पाते दगडावर उभे धरा, निम्मे झुकवा, पुन्हा निम्मे झुकवा. राहिला तो कोन सुमारे २० अंशांचा. तोच कोन न बदलता दोन्ही बाजू सारख्या घासा. सायकलवरच्या चाकाने धार लावून घ्यायची तर पात्यातून ठिणग्यांचा पाऊस पडू देऊ नका. पाते तापून निळसर झाले की लोहाराने दिलेले पाणी उतरले म्हणून समजा. तरीही बोट कापलेच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरावा, हळद भरू नये, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ‘हे ठीक, पण कायद्याचे काय?’ प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ऐकण्यासारखे आहे. शस्त्र कायदा १९५९ चा; त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे त्या नियमांत शस्त्रांच्या यादीत येतात, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी केलेली पाती वगळलेली आहेत. आपली चार इंची सुरी या मापाच्या पुष्कळ अलीकडे राहते. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या ३७व्या कलमाखाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यांत सुऱ्याही येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच सुरी आहे. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या सहलीलासुद्धा, ती न्यायची नाही. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही. आमच्या खाडीतल्या तिवरांना तर पाते लावायचेच नाही. २००५ सालापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यभर तिवरांची तोड बंद आहे. वर्गात, लोकलमध्ये, गणपतीच्या मिरवणुकीत सुरीचे काय काम? तिथे ती नसावीच. म्हणजे कायदा सरसकट ‘नको’ म्हणत नाही. तो माप पाहतो, काम पाहतो, जागा पाहतो. आपण कायद्याइतके तरी समंजस व्हायला काय हरकत आहे?

प्राध्यापकांची खरी भीती निराळी आहे, हे मला समजते. शंभर मुलांची जबाबदारी, कोणाचे बोट कापेल, कोणाचे डोके फिरेल. ही भीती खोटी नाही. मुंबईच्या वर्तमानपत्रांत चाकूहल्ल्याची बातमी येत नाही असे दिवस थोडेच. पण बातमीतला चाकू आणि होडीवरची सुरी यांत फरक आहे, आणि तो धारेचा नसून शिकवणीचा आहे. ज्याने लहानपणापासून पात्याने पोट भरलेले पाहिले, तो ते दुसऱ्याच्या पोटाकडे नेताना दहादा विचार करील, अशी माझी समजूत आहे. उलट ज्याने सुरी फक्त पडद्यावर पाहिली, त्याला तिचा एकच उपयोग माहीत असतो.

यात आणखी एक दुखणे आहे. आमच्या गावची मुले सकाळी जाळ्याची कामे उरकून कॉलेजला येतात. त्यांच्या पिशवीत कधी सुरी सापडली तर त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर मी पाहिली आहे. ती सुरी वर्गात येऊ नये हे मलाही मान्य. ती दारावर ठेवून घ्यावी, सुटताना परत द्यावी. पण तेवढ्यावरून मुलगा गुंड ठरू नये. सुतार पटाशी बाळगतो, शिंपी कात्री बाळगतो, कोळी सुरी बाळगतो. अवजारावरून माणसाचा धंदा कळतो, चारित्र्य नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शिबिराच्या दर तुकडीमागे महाविद्यालयाने स्वतः दोन सुऱ्या घ्याव्यात : लाल मुठीच्या, चार इंची, म्यानासकट. त्या तुकडीप्रमुखाच्या ताब्यात राहाव्यात. कोणी कधी घेतली, कधी परत केली याची वहीत नोंद व्हावी. वैयक्तिक सुरे आणण्यास बंदी खुशाल चालू ठेवावी. आणि शिबिराआधी दोन तास शिकवणीचे ठेवावेत. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. मार्वेच्या धक्क्यापलीकडे तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. एखादी कोळीण, एखादा ताडी काढणारा, एखादा कोयता घडवणारा लोहार बोलवावा, त्याला खुर्ची द्यावी, आणि इतर पाहुण्यांना देतो तसे मानधन द्यावे.

या शेवटच्या गोष्टीचा माझा आग्रह सर्वांत मोठा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. इथे दोन वर्षांत मला पुष्कळ मिळाले, आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण या दोन वर्षांत माझ्या आईवडिलांना जे येते त्याला कोणी ‘विद्या’ म्हटलेले मी ऐकले नाही. कोन न मोजता जो कोन राखतो, पाण्याचा रंग पाहून जो धार ओळखतो, त्याच्यापाशीही एक शास्त्र आहे. ते त्याने लिहून ठेवले नाही, इतकेच. ते लिहून घेण्याचे काम कला शाखेचे नाही तर कोणाचे?

सूचनाफलकावरची ओळ बदलायला फार शाई लागणार नाही. ‘कोणीही धारदार वस्तू बरोबर आणू नये’ याच्या खाली एवढेच लिहावे : ‘सुरी महाविद्यालय देईल, ती वापरण्याचा वर्ग शनिवारी आहे, सर्वांनी हजर राहावे.’